साठीची भूतानवारी

मराठी घरात साठावा वाढदिवस एकट्याचा नसतो. षष्ट्यब्दीपूर्तीची शांत, साठ दिव्यांचे औक्षण, गावाहून आलेली भावंडे, पंक्तीतला आग्रह, हे सारे घरादाराचे असते. अशा समारंभाची यादी करायला मंडळी बसलेली असतात आणि सत्कारमूर्ती हळूच म्हणते, "हे सगळे करा, पण मला मोटारसायकलवरून एकदा देशाबाहेर जाऊन यायचे आहे." क्षणभर कोणी बोलत नाही. मग लेक म्हणते, "बाबा, या वयात?" आणि विषय तेथेच मिटतो.

तो तेथे मिटू नये, यासाठी हा लेख आहे. "झेपेल का?" हा प्रश्न घरात विचारला जातो, तेव्हा विचारणाराने त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते. "झेपेल असा प्रवास कसा आखावा?" असे विचारले, तर वडील माणसाला आपली इच्छा मांडता येते, मुलांना आपली काळजी मांडता येते, आणि डॉक्टरांनाही सांगण्यासारखे काही उरते. वाचक स्त्री असो वा पुरुष, इच्छा साठीची असो वा सत्तरीची, विचाराची रीत हीच राहते.

एक अट मात्र आरंभीच सांगितली पाहिजे. ज्यांचा दुचाकीचा सराव कधी सुटला नाही, किंवा सुटला असला तरी गेली दोन-तीन वर्षे पुन्हा नियमित आहे, त्यांच्यासाठीच ही आखणी आहे. वाढदिवसाच्या हौसेपायी साठाव्या वर्षी मोटारसायकल शिकून थेट हिमालयाच्या घाटात जाऊ नये. त्यांनी याच वाटेने चारचाकीतून जावे. वाट तितकीच सुंदर आहे.

भूतानच का?

परदेश म्हटले की दूरचे देश डोळ्यांपुढे येतात. पहिल्या लांबच्या वारीला मात्र शेजारचा भूतान अनेक अर्थांनी सोयीचा आहे. तेथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. भारतीय नागरिकाला पासपोर्टवर किंवा मतदार ओळखपत्रावर प्रवेशाचा परवाना मिळतो. भूतानच्या ङुल्त्रुमचे मोल रुपयाइतकेच असते आणि रुपयाही बहुतेक ठिकाणी चालतो. वाहनांचा वेग एकंदर संथ असतो. राजधानी थिंफूत वाहतुकीचे दिवे नाहीत. मुख्य चौकातल्या रंगीत छत्रीखाली उभा राहून हवालदार हाताने वाहने सोडतो. साठीनंतरच्या चालकाला असा देश मानवतो.

या रस्त्याचा इतिहासही ज्येष्ठांनी ऐकावा असा आहे. १९५८ च्या सप्टेंबरात पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा भारताच्या सीमेवरून वर चढणारा मोटाररस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथू ला ओलांडून, तिबेटातल्या चुंबी खोऱ्यातून, डोंगरवाटांनी ते पारोला पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षांचे होते आणि कन्या इंदिरा त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९६१ मध्ये भारताच्या सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प सुरू झाला आणि डोंगर फोडून फुंतशोलिंगहून वर जाणारा रस्ता झाला. आपली चाके त्याच रस्त्याने जाणार आहेत.

किती दूर, किती दिवस?

पुण्या-मुंबईहून भूतानची सीमा दोन हजार किलोमीटरांहूनही अधिक दूर आहे. तेथपर्यंत गाडी चालवत जाण्याचा मोह तरुणांना शोभतो. आपण तो टाळावा, कारण मैदानातल्या उष्णतेत पाच-सहा दिवस घालवले, तर घाट चढायच्या वेळी शरीर थकलेले असते. मोटारसायकल टाकी रिकामी करून, नीट बांधून रेल्वे पार्सलने न्यू जलपाईगुडीला पाठवता येते, किंवा सिलिगुडीत भाड्याने घेता येते. भाड्याची गाडी घेणार असाल, तर भूतानात नेण्यास ती कागदोपत्री मोकळी आहे ना, याची खात्री आधीच करावी.

सिलिगुडीहून निघून फुंतशोलिंग, थिंफू, पुनाखा, फोब्जिखा, पारो असे पाहून परतण्याचा फेरा सुमारे हजार किलोमीटरांचा होतो. हे अंतर तेरा दिवसांत विभागावे. घाटात दिवसाला १५० किलोमीटरांहून अधिक जाऊ नये आणि दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचावे. वळणांच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरांच्या पुढे जात नाही, हे गृहीत धरले म्हणजे घाई होत नाही. वयाबरोबर अंधारात पाहण्याची आणि समोरच्या दिव्याच्या झगमगाटातून सावरण्याची डोळ्यांची शक्ती मंदावते. म्हणून संध्याकाळची सवारी या वारीत नाहीच.

महिना निवडताना वाढदिवसाच्या तारखेचा आग्रह सोडावा. पावसाळ्यात दरडी कोसळतात, ऐन थंडीत खिंडींतल्या रस्त्यावर बर्फ साचते. मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे काळ उत्तम. जन्म जुलैतला असला, तर सोहळा घरी जुलैत करावा आणि वारी ऑक्टोबरात.

कागदपत्रांची निगुती

आपल्या चालक परवान्याची अखेरची तारीख आधी पाहावी. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न या वयात काढलेला वा नूतनीकरण केलेला परवाना वयाच्या साठीपर्यंतच चालतो. पंचावन्न वर्षांनंतर तो पाच-पाच वर्षांसाठी मिळतो. म्हणजे साठावा वाढदिवस आणि परवान्याची मुदत एकाच दिवशी संपू शकते! नूतनीकरणासाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते निव्वळ सही-शिक्क्याचे काम समजू नये. खऱ्या तपासणीची ती आयती संधी आहे.

दुसरी बाब विम्याची. आपल्या वाहनविम्याचे क्षेत्र मूलतः भारतापुरते असते. भूतानसाठी भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय आहे. जादा हप्ता भरून तसे पत्र घ्यावे. प्रवासाचा आरोग्यविमा घेताना तीन प्रश्न लेखी विचारावेत: दुचाकी चालवताना झालेला अपघात यात धरला आहे का, रक्तदाब-मधुमेहासारखे जुने आजार धरले आहेत का, आणि रुग्णाला भारतात परत आणण्याचा खर्च कोण देणार? उत्तर तोंडी मिळाले, तर ते मिळालेच नाही असे समजावे.

भूतान सरकार पर्यटकाकडून शाश्वत विकास शुल्क घेते. भारतीयांसाठी ते माणशी, प्रत्येक रात्रीला १,२०० रुपये आहे. दोघे दहा रात्री राहिले, तर या शुल्काचेच २४,००० रुपये होतात. ते अंदाजपत्रकात आधी मांडावेत. वाहनाचा परवाना, त्याचे शुल्क आणि मार्गदर्शक घेण्याचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आधी भूतानच्या पर्यटन विभागाकडे चौकशी करावी.

सहा महिन्यांची तयारी

तयारी सहा महिने आधी डॉक्टरांच्या खोलीत सुरू व्हावी. "मी भूतानला जाणार आहे" एवढेच सांगू नये. "रोज पाच-सहा तास दोनशे किलोची मोटारसायकल चालवणार आहे, २,३०० मीटर उंचीवर झोपणार आहे आणि तीन हजार मीटरांवरच्या खिंडी ओलांडणार आहे," असे नेमके सांगावे. मग हृदयाची कोणती तपासणी करायची, हे डॉक्टर ठरवू शकतात. रक्तदाब, रक्तशर्करा, डोळे, कान आणि धनुर्वाताची लस, या गोष्टी याच वेळी मार्गी लावाव्यात. मोतीबिंदू वाढला असेल, तर आधी शस्त्रक्रिया, नंतर वारी.

औषधांची यादी घेऊन बसावे. सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी आणि झोपेच्या गोळ्यांनी दुसऱ्या दिवशीही गुंगी राहते. प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी उठून उभे राहताना चक्कर येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातले पाणी घटते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर जेवण लांबल्यास एकाएकी घटू शकते आणि ती हँडल हाती असताना घटली, तर जीवावर बेतते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही गंभीर ठरू शकतो. अशा व्यक्तीने चालवावे की नाही, हा निर्णय हृदयतज्ज्ञांवरच सोपवावा.

शरीराची परीक्षा घरीही घेता येते. हात न टेकता खुर्चीतून सलग पाच वेळा उठता येते का? भिंतीजवळ, सोबतीला कोणी असताना, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? मान दोन्ही खांद्यांकडे पुरेशी वळते का? साडेतीनशे ते साडेचारशे सीसीच्या लोकप्रिय गाड्यांचे वजन १९५ ते २०० किलोंच्या घरात असते. ती मुख्य स्टँडवर चढवणे, उताराच्या जागी मागे ढकलणे, हे सहज जमते का? जमत नसेल, तर दीडशे-एकशेसाठ किलोंची हलकी गाडी घ्यावी. दोन्ही पाय जमिनीला टेकणे ही या वयातली पहिली कसोटी, इंजिनाची ताकद नंतरची.

मग रोजचे चालणे, आठवड्यातून तीनदा टेकडीची चढण, उठाबशा, पंजाची पकड वाढवण्यासाठी चेंडू दाबणे आणि मानेचे हलके व्यायाम सुरू करावेत. तिसऱ्या महिन्यापासून सरावाच्या फेऱ्या काढाव्यात. आधी वाईहून पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वर, मग ताम्हिणी, शेवटी सलग तीन दिवसांची कोकणफेरी. पहिल्या दिवशी उत्साह सगळ्यांनाच असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी कंबर काय म्हणते, ते ऐकायचे असते.

सह्याद्रीत एका गोष्टीची तालीम मात्र होत नाही. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे. थिंफू शहर त्याहूनही सुमारे सातशे मीटर उंच. विरळ हवेचा अनुभव तेथे गेल्यावरच येतो. म्हणून प्रवासाचा वेग उंचीला धरून ठरवावा लागतो.

वाटेवर

पहिल्या दिवशी सिलिगुडी सोडली की तिस्ता ओलांडून रस्ता दुआर्सच्या सपाटीत शिरतो. दुतर्फा चहाचे मळे, अधूनमधून सालवृक्षांचे रान आणि 'येथून हत्ती ओलांडतात' अशा पाट्या. त्या पाट्या शोभेच्या नाहीत. येथे वेग खरोखर कमी ठेवावा. जयगावच्या गजबजाटातून भूतानच्या प्रवेशद्वाराखालून पलीकडे गेले की फुंतशोलिंग. कमान तीच, पण पलीकडे भोंगे जवळजवळ थांबतात. येथली उंची तीनशे मीटरांच्या आतबाहेर. दुसरा दिवस कागदपत्रे आणि विश्रांती यांसाठी ठेवावा.

तिसऱ्या दिवशी खरी चढण आहे. फुंतशोलिंग ते थिंफू हे सुमारे १५० किलोमीटर, आणि चढ दोन हजार मीटरांचा. गेडूच्या परिसरात धुके खाली उतरते. पिवळा किंवा पारदर्शक काचेचा चष्मा हाताशी असावा. दर तासा-दीड तासाने उतरावे, दहा मिनिटे चालावे, पोटऱ्या ताणाव्यात. एकाच बैठकीत फार वेळ पाय लटकते राहिले, तर शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून तहान लागो न लागो, प्रत्येक थांब्यावर पाणी प्यावे. वारंवार लघवीला जावे लागेल या संकोचाने पाणी टाळणारे अनेक ज्येष्ठ आहेत; थांबे ठरलेले असले की तो संकोच उरत नाही.

वाटेत छुझोम हा संगम लागतो. पारो छू आणि वांग छू या नद्या येथे मिळतात आणि काठावर भूतानी, तिबेटी व नेपाळी अशा तीन शैलींतले तीन स्तूप उभे आहेत. चौथा दिवस थिंफूत विसावा. डोके हलके दुखणे, भूक मंदावणे, झोप तुटक लागणे हे पहिल्या रात्री होऊ शकते. त्या रात्री मद्य नको आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज झोपेची गोळी नको. जेवणात एमा दात्शी, म्हणजे मिरच्यांची चीजमधली भाजी, चाखून पाहावी; पण येथे मिरची ही चवीसाठी नसून भाजी म्हणूनच खातात, हे पोटाला आधी सांगून ठेवावे. लाल तांदळाचा भात आणि डाळ सर्वत्र मिळते.

पाचव्या दिवशी दोचुला. सुमारे ३,१०० मीटर उंचीची ही खिंड थिंफूहून तासाभराच्या अंतरावर आहे. टेकडीवर १०८ छोर्तेन, म्हणजे स्तूप, वर्तुळात मांडलेले आहेत. आकाश निवळ असेल, तर उत्तरेला हिमशिखरांची रांग दिसते. गांखर पुएन्सुम हे ७,५७० मीटरांचे शिखर याच देशात आहे. जगातल्या न चढल्या गेलेल्या शिखरांत ते सर्वांत उंच मानले जाते. भूतानने १९९४ मध्ये सहा हजार मीटरांवरील शिखरांच्या चढाईवर बंदी घातली आणि २००३ मध्ये गिर्यारोहण पूर्णपणे थांबवले. शिखरे देवतांची आहेत, ती पाहावीत आणि वंदावीत, अशी येथली भावना. साठाव्या वाढदिवसाचा पेढा तोंडात घालायला याहून चांगली जागा शोधूनही सापडायची नाही.

खिंडीतून उतरताना पाइनची रांगडी थंडी मागे राहते आणि पुनाखाला, सुमारे १,२०० मीटरांवर, केळी आणि भातखाचरे दिसू लागतात. फो छू आणि मो छू, म्हणजे नर आणि मादी नद्या, यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये शबद्रुंग ङवांग नामग्याल यांनी बांधवलेला भव्य झोंग उभा आहे. १९०७ मध्ये भूतानच्या पहिल्या राजाचा राज्याभिषेक येथेच झाला. पुनाखात दोन रात्री राहावे. उंचीवर दमलेल्या शरीराला खालची हवा औषधासारखी लागू पडते आणि पुढचा निर्णयही येथेच शांतपणे घेता येतो.

पुढचा टप्पा फोब्जिखाचा, आणि तो ऐच्छिक आहे. सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या या पाणथळ खोऱ्यात ऑक्टोबरअखेरीपासून तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. पक्ष्यांना इजा होऊ नये म्हणून येथे विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. थिंफूतल्या दोन्ही रात्री शांत झोप लागली असेल, तरच येथे मुक्काम करावा. शंका असेल, तर पुनाखाहूनच थिंफूकडे परतावे.

नवव्या दिवसापासून पारो. ताक्त्सांगचा मठ कड्यावर सुमारे ३,१०० मीटरांवर आहे. अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत घोडे मिळतात, पण ते चढतानाच. उतरताना गुडघ्यांनाच चालावे लागते. तेथूनही मठाचे दर्शन सुरेख होते आणि तेवढ्यावर समाधान मानून परतणारे पुष्कळ असतात. ज्यांची प्रकृती उत्तम आहे, त्यांनी एका सकाळी चेले ला या खिंडीपर्यंत जाऊन यावे. तिची उंची चार हजार मीटरांना थोडी कमी. वर अर्ध्या तासाहून अधिक रेंगाळू नये. बोटे बधिर करणारा वारा असतो, म्हणून दुहेरी हातमोजे घालावेत, आणि इन्सुलिन गोठू नये म्हणून ते सामानात न ठेवता अंगातल्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावे. मग बाराव्या दिवशी फुंतशोलिंग आणि तेराव्या दिवशी सिलिगुडी.

परत फिरण्याची अट

निघण्यापूर्वी घरी बसून एक कागद लिहावा. त्यावर थांबण्याची कारणे असावीत. डोकेदुखी आणि मळमळ असेल, तर त्या दिवशी वर चढायचे नाही. विश्रांती घेऊनही ती वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे विसंगत झाले, स्वस्थ बसल्यावरही धाप लागली, तर लगेच, रात्र असली तरी, चारचाकीने खाली उतरायचे आणि रुग्णालय गाठायचे. छातीत दुखले, तर कारण शोधत बसायचे नाही. बोटावर लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा उंचीवर मुळातच कमी दिसतो. एकट्या आकड्यावर भिऊ नये आणि एकट्या आकड्यावर विसंबूही नये, लक्षणे पाहावीत. उंचीसाठी दिली जाणारी अ‍ॅसेटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे.

देशाचे मुख्य संदर्भ रुग्णालय थिंफूत आहे. या वारीचा फेरा थिंफूभोवतीच का ठेवला, याचे हे एक कारण. दुसरे असे की पारोहून भारतात विमाने येतात; गाडी सोडून माणसाला आधी घरी पाठवणे त्यामुळे शक्य होते.

यासाठीच मागून येणारी एक चारचाकी, तिच्यावर स्थानिक चालक, एवढा खर्च अवश्य करावा. तिच्यात सामान जाते, औषधे जातात, आणि ज्या सकाळी कंबर नकार देते, त्या सकाळी आपणही जातो. यात कमीपणा काही नाही. ज्याला केव्हाही उतरता येते, तो निर्धास्तपणे बसतो.

शिवाय एक करार सहप्रवाशांत असावा. दोघांपैकी कोणीही "आज नको" म्हणाले, की त्या दिवशी गाडी निघणार नाही, आणि त्यावर वाद होणार नाही. मागे बसणाऱ्या पत्नीचा किंवा पतीचा शब्द चालवणाऱ्याइतकाच वजनाचा. मागची सीट तासन्‌तास सोसणे हे चालवण्याहून सोपे नसते.

मुलांशी दोन शब्द

आता हा अंक हाती घेतलेल्या लेकी-सुनांशी आणि मुलांशी थोडे बोलायचे आहे. आपली भीती खरी आहे. ती "या वयात शोभते का?" अशा शब्दांत व्यक्त झाली, की ऐकणाऱ्याला त्यात अपमान ऐकू येतो आणि पुढचे तो सांगेनासा होतो. चक्कर आली तरी तो घरी कळवत नाही, कारण कळवले तर बंदी येणार, हे त्याला ठाऊक असते. धोका तेथून सुरू होतो. म्हणून भीतीचे प्रश्न करावेत: "डॉक्टरांना भेटायला मी बरोबर येऊ का?", "विम्याचे कागद मी वाचू का?", "सरावाच्या फेरीत एकदा मला मागे बसवाल का?" त्या एका फेरीत मुलांना जे कळते, ते दहा वादांत कळत नाही. वळणावर मान वळते की नाही, ब्रेक वेळेवर लागतो की नाही, हे दिसते. दिसलेले शांतपणे सांगावे. आणि ते गंभीर असेल, तर डॉक्टरांसमोर सांगावे.

फोनची वेळ दिवसातून एकच ठरवावी, मुक्कामी पोहोचल्यानंतरची. दिवसभर येणारे फोन घाटात जीवघेणे ठरतात. रक्तगट, आजार, औषधे व त्यांच्या मात्रा, अ‍ॅलर्जी, डॉक्टरांचा क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि घरचे दोन क्रमांक, हे एका कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहून त्याच्या तीन प्रती कराव्यात: एक जाकिटात, एक चारचाकीत, एक घरी. औषधे ठरल्या दिवसांहून आठवडाभर अधिक द्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागून द्यावीत.

आणि तपासणीनंतर डॉक्टर "नाही" म्हणाले तर? तर ते "नाही" कशाला आहे, हे विचारून घ्यावे. चालवण्याला असेल, तर मागे बसून जाता येईल का? दुचाकीलाच असेल, तर चारचाकीतून? उंचीलाच असेल, तर दुआर्सचे चहाचे मळे आणि फुंतशोलिंगची कमान तरी उरते. इच्छेचा जेवढा भाग वाचवता येईल, तेवढा वाचवणे हेही शुश्रूषेचेच काम आहे. वडील माणसाचे शरीर सांभाळताना त्याच्या शब्दाला घरात असलेली किंमतही सांभाळावी लागते. ती एकदा गेली, की औषधाने परत येत नाही.

साठी जवळ आली असेल, तर या आठवड्यात दोनच गोष्टी कराव्यात. डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि कपाटातला चालक परवाना काढून त्यावरची अखेरची तारीख वाचावी. भूतानची वाट त्यानंतर सुरू होते.